उपवास एकाचा, त्रास घरादाराला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रायश्चित्तकाळावरच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही एवढे मनापासून लिहिलेत, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे व्हावेसे वाटले नाही. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: देवाला अंतःकरण हवे, मग कपाळाला राख, शुक्रवारचे नेम, क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत केलेली प्रार्थना) हा देखावा कशाला? मांस सोडायचे आणि मासळीवर ताव मारायचा, उपवासाच्या नावाखाली घरच्यांवर डाफरायचे, आणि ईस्टर उलटला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी तुम्ही लिहिलेत, की अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे तुम्हालाच बघावे लागते, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणेही होत नाही. तोच तुमचा प्रायश्चित्तकाळ, वेगळ्या सोपस्कारांची तुम्हाला गरज वाटत नाही.

घरच्यांवर डाफरण्याचा मुद्दा आधी घेते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात जड मुद्दा तोच आहे. यशया संदेष्ट्याच्या 58 व्या अध्यायात लोक देवाकडे गाऱ्हाणे मांडतात: आम्ही उपवास केला, तुझे लक्ष कसे नाही? देव म्हणतो, उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच मतलब साधता, मजुरांना राबवून घेता, भांडता, हाणामारी करता. मला आवडणारा उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्या ताटातले देणे, बेघराला घरात घेणे. प्रायश्चित्तकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतर येणाऱ्या पहिल्याच शुक्रवारी हा उतारा मिस्सामध्ये वाचतात. उपवासाचा जेमतेम तिसरा दिवस, आणि तुमचीच तक्रार वेदीजवळून सगळ्यांना ऐकवली जाते! ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, हा दोष माहीत नाही असे नाही. तो दरवर्षी आमच्या कानांवर घालण्यासाठी तिने दिवस ठरवून ठेवला आहे.

राखेच्या बुधवारचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या शिकवणीचा उतारा, मत्तयच्या 6 व्या अध्यायातले असते. दान देताना कर्णा वाजवू नका, प्रार्थना दार लावून करा, उपवास करताना तोंड पाडून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. हे वाचून होते, प्रवचन होते, आणि मग आम्ही उठून, रांग लावून, कपाळावर राख लावून घेतो. तुम्ही याला विसंगती म्हणता. मला हे दोन्ही एकापाठोपाठ येते तेच फार मोलाचे वाटते. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधल्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात. धर्मगुरूंचा अंगठा काळा झालेला असतो, चिमूटभर राख नाकावर पडते, आईच्या कडेवरचे मूल ती पुसायला बघते. ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ हे शब्द श्रीमंताला, गरिबाला, त्या मुलाला आणि स्वतः धर्मगुरूंनाही तेच. यात मिरवण्यासारखे काय आहे? कोणी ती राख मिरवलीच, तर त्याने अर्ध्या तासापूर्वीचे शुभवर्तमान ऐकले नाही असे म्हणावे लागेल.

आता नियमांबद्दल. ते इतके थोडे आहेत की त्यांच्या आड लपताच येत नाही. पूर्वी रविवार सोडून या काळातले सगळेच दिवस उपवासाचे असत. पोप पॉल सहावे यांनी 1966 मध्ये ही शिस्त बदलली आणि 1983 च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, ती कायम झाली. उपवास फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी पोटभर जेवण एकदाच. आणखी दोनदा थोडेसे खाता येते. तोही 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंतच, आणि आजाऱ्यांना त्यातून सूट. शुक्रवारी मांस वर्ज्य, तो नियम चौदाव्या वर्षानंतर लागू होतो. मासळीला मनाई नाही, त्यामुळे मासळीची मेजवानी झोडणारा नियम मोडत नाही. पण नियम कशासाठी आहे हे त्याला कळलेले नाही, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. पाचव्या शतकात पोप लिओ द ग्रेट प्रवचनांतून पुन्हा पुन्हा सांगत, की उपवास करणाऱ्याने जे खाल्ले नाही ते गरिबाच्या मुखी जावे. वाचलेले पैसे आपल्याच खिशात राहिले तर ती काटकसर झाली. रावेन्नाचे बिशप पीटर क्रिसोलोगस त्याच शतकातले. प्रार्थना, उपवास आणि दया ही तिन्ही मिळून एकच गोष्ट, ती सुटी करता येत नाहीत, असे ते शिकवत.

मग ‘अंतःकरण पुरे’ हे मला का पटत नाही? कारण माझे अंतःकरण कसे आहे हे मला उपवासाच्या दिवशी संध्याकाळीच कळते. पोटात काही नसते, डोके ठणकत असते, आणि मुलगा तेच गणित तिसऱ्यांदा विचारायला येतो. घशाशी आलेला तो कडू आवाज उपवासाने निर्माण केलेला नसतो. तो आधीपासून आत असतोच, एरवी पोट भरलेले असते म्हणून झाकला जातो. त्या क्षणी वही ओढून घेऊन शांतपणे पुन्हा समजावणे हा माझ्या लेखी उपवासाचा गाभा आहे, आणि मुलावर खेकसले तर माझ्या उपवासाची किंमत त्याने मोजली. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनाविधीवरच्या दस्तऐवजात म्हटले आहे, की या काळातले प्रायश्चित्त केवळ आंतरिक आणि वैयक्तिक नको, ते बाह्य आणि सामाजिकही हवे. घर हाही समाजच आहे, तिथूनच सुरुवात होते.

लिझ्यूची संत तेरेसा आठवते. फ्रान्समधल्या कार्मेल संघाच्या भगिनींच्या (नन्सच्या) मठात कपडे धुताना समोरची भगिनी तिच्या तोंडावर घाण पाण्याचे शिंतोडे उडवायची. मागे सरून, तोंड पुसून त्या भगिनीला जरा सावध राहा असे सुचवावे ही तेरेसाची पहिली इच्छा. तिने ते केले नाही, हसतमुखाने काम चालू ठेवले. 24 व्या वर्षी, 1897 मध्ये, क्षयाने ती गेली आणि शंभर वर्षांनी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य, म्हणजे जिची शिकवण सगळ्या चर्चसाठी मोलाची अशी संत, म्हणून गौरवले. एक गोष्ट मात्र ठासून सांगते. तेरेसाने हे स्वतः स्वीकारले होते. सुनेने, मोलकरणीने, मार खाणाऱ्या बायकोने ‘क्रूस समजून सोसावे’ असा उपदेश करायला प्रायश्चित्तकाळ वापरणाऱ्यांनी यशयाचा तो अध्याय पुन्हा वाचावा. बेड्या तोडायला सांगितले आहे, दुसऱ्याच्या पायात घालायला नाही.

ईस्टरनंतर ‘पहिले पाढे’ होतात, हे दिसते आणि त्याने मन खट्टू होते. पण चाळीस दिवसांनंतर पन्नास दिवसांचा पुनरुत्थानकाळ असतो हे आम्हीच विसरतो. ईस्टरच्या रात्री मेणबत्त्या हातात घेऊन सगळे आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा देतात: सैतानाला, त्याच्या कृत्यांना नाकारतोस का? ‘नाकारतो.’ हे उत्तर नुसते तोंडदेखले राहू नये म्हणूनच आधीची सगळी तयारी. आणि शुक्रवार ईस्टरला संपत नाहीत. धर्मसंहितेनुसार वर्षातला प्रत्येक शुक्रवार प्रायश्चित्ताचा असतो, आणि बऱ्याच कॅथलिकांना हे ठाऊकही नसते. तिथे तुमची टीका आणखी तिखट असती तरी चालली असती.

आता आईबद्दल. तिची कूस बदलणे, तिला भरवणे, रात्री तिच्या हाकेला उठणे, याला मी उपवासापेक्षा कमी कशी म्हणेन? मिस्साचे कर्तव्य आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याला त्या काळापुरते लागू नसते, तेव्हा ते ओझे मनावर घेऊ नका. पण ‘मला बाकी कशाची गरज नाही’ हे तुमचे वाक्य वाचून काळजी वाटली. तुमच्या पत्रात थकवा आहे, आणि थोडा रागही. इतके एकट्याने ओढणाऱ्या माणसाला ते होणारच, आणि नेमका तोच राग कुणाजवळ तरी बोलायला हवा. म्हणून दोन गोष्टी करा. धर्मगुरूंना फोन करून आईसाठी घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सामध्ये पवित्र केलेली भाकर, आणायला सांगा. त्या वेळी तुम्हालाही तो घेता येईल, आणि पापनिवेदन करायचे असेल तर तेही तिथेच. हे मागताना संकोच करू नका. संस्कार, म्हणजे चर्चचे असे पवित्र विधी, मिळणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे असे धर्मसंहितेतच लिहिले आहे. दुसरे, चर्चमधल्या ज्यांनी ‘यंदाच्या प्रायश्चित्तकाळात काय सोडू’ असे तुम्हाला विचारले, त्यांना सांगा: शनिवारची दुपार सोडा आणि आईजवळ येऊन बसा. नाही म्हणाले तर मला कळवा, त्यांच्यासाठी पुढचा लेख लिहीन.