चांदीचं नाणं साध्या वजनाचं हवं, साध्या किमतीचं हवं

न झिजलेला राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, चांदीचा रुपया मिळाला तर सराफाच्या काट्यावर ठेवून बघा. ११.६६ ग्रॅम भरेल, म्हणजे बरोबर एक तोळा. १८३५ पासूनचा हिशोब असाच सरळ होता: रुपया एक तोळा, अधेली अर्धा, पावली पाव. बारा भागांत अकरा भाग चांदी. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की पक्का शेर! ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही आपल्या हातात किती चांदी आहे हे कळत होतं. बंदा रुपया उगाच नाही म्हणत.

१९४० मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, चांदी निम्म्यावर आली. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. आणि आपल्या टांकसाळींची गेल्या काही वर्षांतली बरीच स्मारक नाणी याच मिश्रणाची निघाली, ३५ ग्रॅमची. चांदी किती? साडेसतरा ग्रॅम. हा आकडा कुणाच्या लक्षात राहणार? नाण्यावरची छापील, म्हणजे दर्शनी किंमत तर निमित्तावर ठरते. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीला १२५ रुपये, नव्या संसद भवनाला ७५, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीला ३००. तिन्हींत चांदी मात्र तेवढीच!

दुसरीकडे धनत्रयोदशीला आपण सराफाकडून लक्ष्मीचं ‘नाणं’ घेतो. ते चलन नाहीच. ज्या पेढीवरून घेतलं तिथे ठीक, पण दुसरीकडे मोडायला नेलं की आधी कस म्हणजे शुद्धता बघणं, मग घट म्हणजे कपात, मग घासाघीस. गरजेच्या वेळी मोडणाऱ्या बाईला तिथे बोलायला जागाच उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारने ९९९ शुद्धतेची (हजारात ९९९ भाग चांदी) नाणी १०, २०, ५० आणि १०० ग्रॅममध्ये काढावीत, आणि दर ग्रॅमला १० रुपये दर्शनी किंमत ठेवावी. १० ग्रॅमवर १०० रुपये, १०० ग्रॅमवर १०००. नाणे कायदा, २०११ मध्ये हजार रुपयांपर्यंतच्या नाण्याची मुभा आहेच, त्यामुळे नवा कायदा लागत नाही. चांदीचा भाव याच्या कितीतरी वर असल्याने ही नाणी बाजारात कुणी खर्चणार नाही, हे उघड आहे. पण ते चलन असेल, त्यामुळे बनावट नाणं पाडणं हा सरळ गुन्हा ठरेल. वजन आणि कस नाण्यावरच मराठी-हिंदी वाचणाऱ्याला कळेल असा देवनागरीत कोरावा.

२०१५ साली सरकारने अशोकचक्राचं सोन्याचं नाणं ५ आणि १० ग्रॅममध्ये काढलंच होतं. मग चांदीला का नाही? सोनं परवडत नाही तेच तर चांदी घेतात.