हरणं संपली म्हणून बिबट्या उसात आला?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक निरोप फिरून येतो. शेवटी हात जोडलेले असतात. मजकूर थोडक्यात असा: बिबट्याचं खरं खाद्य हरीण. माणसाने जंगलातली हरणं संपवली, म्हणून तो बिचारा नाइलाजाने गावात येऊन कुत्री खातो. त्याला पकडून लांबच्या जंगलात सोडा आणि जंगलात शेळ्या सोडा, म्हणजे तो परत फिरकणार नाही. नाहीतर कुत्र्यानंतर पुढची पायरी माणूस.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून इतके दिवस गप्प होतो. या वेळी तात्यांनी पाठवला. तात्यांची वस्ती उसाला लागून, आणि ते ऐकलेलं करतात. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

"खरं खाद्य हरीण." कुठल्या बिबट्याचं? 2006 साली 13 देशांतल्या अभ्यासांची एकत्र तपासणी झाली. बिबट्याला साधारण 10 ते 40 किलोचं सावज पसंत, त्यातही 25 किलोच्या आसपासचं, असं त्यातून निघालं. त्या वजनात कोण बसतं हे मुलुखावर ठरतं. आफ्रिकेच्या गवताळ भागात इम्पाला नावाचं हरीण. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात डायकर नावाची छोटी हरणं आणि माकडं. रशियाच्या पूर्व टोकाला, बर्फात, रो आणि सिका हरणं, शिवाय ससे नि बॅजर. श्रीलंकेत वाघही नाही आणि सिंहही नाही, तिथे बिबट्याच सगळ्यांच्या वर, म्हणून तो सांबरासारख्या मोठ्या जनावरालाही हात घालतो. आपल्याकडे वाघाच्या जंगलात राहणाऱ्या बिबट्याला मात्र अंग चोरून, लहान सावजावर भागवावं लागतं. जात एकच, ताटं वेगवेगळी. आता आपलं गावठी कुत्रं वजनाला किती भरतं? पंधरा-वीस किलो. म्हणजे मापात बसलं.

"नाइलाजाने कुत्री खातो." इथे जरा थांबतो, कारण याचा पुरावा आपल्या शेजारच्या, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा आहे (विदर्भातलं अकोला नव्हे). अभ्यास झाला त्या भागात जंगल नाही, ऊस, टोमॅटो, मका आणि वस्त्या. संशोधकांनी बिबट्यांच्या 85 विष्ठा गोळा करून तपासल्या. निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले: खाल्लेल्या वजनापैकी 87 टक्के पाळीव प्राणी, त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा 39 टक्के. मांजरंही बरीच.

हे कळतं कसं, तर केसांवरून. मांस पचतं, केस पचत नाहीत. मी एकदा बांधावरची वाळून पांढुरकी झालेली विष्ठा काडीने उकलली होती. आत दोरीसारखा पिळलेला केसांचा गठ्ठा, हाडाचे कपचे आणि कुत्र्याचं एक अख्खं नख. अभ्यासात हेच चाळणीत धुतात, वाळवतात आणि केसाची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली ओळखीच्या नमुन्याशी ताडून बघतात.

खरी गंमत शेळ्यांची. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी बिबट्याच्या आहारात त्यांचा वाटा जेमतेम 11 टक्के. कारण साधं आहे. शेळी दिवसा राखणीत असते आणि रात्री कोंडलेली. कुत्रं मात्र रात्रभर मोकळं. जे सहज मिळतं ते तो घेतो. याला लाचारी म्हणायचं तर इम्पाला मारणाराही लाचारच.

"जंगलातून गावात येतो." बरेचसे येत नाहीत, इथलेच असतात. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, जुन्नर-आंबेगावची जिरायती जमीन उसाखाली गेली. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो. आडोसा, पाणी, खाणं, सगळं एका फडात. ऊसतोडीला पिल्लं सापडतात ती इथेच जन्मलेली. आणि अकोल्याच्या डोंगराकडेची माणसं वाघबारस करतात, वाघोबाचे दगड पुजतात, ते काय फॉरवर्ड वाचून? हा शेजार जुना आहे.

"लांब नेऊन सोडा." हे करून झालंय. जुन्नर भागात 2001 पासून बिबटे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, ते 17 वर गेले. अनोळखी मुलुखात टाकलेलं जनावर तिथे मुकाट्याने हरणं खात बसत नाही. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. संशोधकांनी त्याला 'आजोबा' नाव दिलं. तो शे-सव्वाशे किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला.

"जंगलात शेळ्या सोडा." हिशेब करा. आठवड्याला एक सावज धरलं तर एका बिबट्याला वर्षाकाठी पन्नास शेळ्या. त्या खाणार कोण? जंगलातलेच बिबटे. उसातल्याला त्याचं आमंत्रण जाणार नाही. शिवाय शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा साथीचा रोग रानातल्या खुरवाल्या जनावरांना लागतो. मंगोलियात त्याने सायगा नावाची हरणं हजारोंनी मेली. हरणं वाचवायला निघालो आणि रोग देऊन आलो, असं व्हायचं.

"पुढची पायरी माणूस." यावर हसण्यासारखं काही नाही. शिरूर-जुन्नरमध्ये लेकरं गेली आहेत, ज्यांच्या घरात हे झालं त्यांना आकडे ऐकवू नयेत. पण पायरी हा शब्द चूक आहे. त्याच अकोल्यात चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात आणि शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे. कुत्रं खाणं ही माणसाची तालीम असती तर तिथे रोज एक बातमी असती. धोका अंधाराचा आहे, उसाच्या कडेला एकट्या लेकराचा आहे, उकिडव्या बसलेल्या माणसाचा आहे. तिथे दिवा, संडास आणि सोबत लागते.

आणि हो, मेलेल्या कोंबड्या कालव्याच्या कडेला टाकणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांबद्दल त्या निरोपात एक अक्षर नाही. कुत्री पोसली जातात ती तिथे.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. तासाभराने तात्यांचा फोन, "ते ठीके रे, पण आपला मोत्या रात्री पडवीत साखळीला असतो." म्हटलं, तात्या, आज संध्याकाळी त्याला गोठ्यात घ्या आणि दाराला कडी लावा. "आणि गोठ्याला दार नाहीये त्याचं काय?" म्हणाले.