आरशात बघून बीपी कळत नाही, भावा

तालमीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय: ‘आजार यायच्या आधी शरीर सांगतं. नखांवर पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी. डोळ्यांखाली काळं म्हणजे किडनी. मान काळी पडली तर ऊन, लिंबू चोळा. डावा हात दुखला तरच हार्ट. यातलं काही नसेल तर लॅबवाल्याची भर करू नका.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचं खपून जातं.

नखांचे ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी बसलेल्या माराचे असतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळं दारात चेमटलेलं बोट महिन्याभरानं नखावर दिसतं, तोवर आपण ते विसरलेलो असतो. बघायचाच तर नखाचा आकार बघा. मधे खोलगट झालेलं नख लोह कमी असल्याचं असू शकतं. त्यात जोतिबाच्या पायऱ्यांवर पूर्वी न लागणारी धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन करून घ्या.

काळी वर्तुळं? जागरण, वय, नाहीतर घराण्याची ठेवण. किडनी सुरुवातीला बोलतच नाही. बोललीच तर लघवीला टिकून राहणारा फेस, सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायावर मोज्याचा खोल वळ. बीपी किंवा साखर असणाऱ्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं.

मानेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. मानेमागं, काखेत कातडी काळपट होते, हाताला मखमलीसारखी जाड लागते आणि कितीही घासली तरी निघत नाही. बऱ्याचदा ती खूण असते इन्सुलिन अंगी नीट लागत नसल्याची, साखर वाढायच्याही आधीची. आणि आपल्याकडं पोरांच्या माना वजरीनं घासून सोलून काढतात! त्यापेक्षा उपाशीपोटी साखर बघा. १०० ते १२५ आली तर सावध व्हा. १२६ किंवा जास्त आली आणि पुन्हा तपासूनही तेवढीच निघाली, तर मधुमेह.

मेसेजवाल्याला एक खूण माहीतच नाही, आणि ती कोल्हापुरात तरी चुकू नये. नवी कोल्हापुरी चावते, चावायलाच पाहिजे. पण साखर जुनी झालेल्या माणसाला अंगठ्याजवळचा फोड फुटला तरी पत्ता लागत नाही. चालता चालता चप्पल पायातून निसटते, आबा तसेच पुढं, आणि मागून कोणीतरी ओरडतं, ‘आबा, चप्पल!’ सगळे हसतात. आबा विसरभोळे झालेले नसतात, त्यांच्या तळपायाची जाणीव गेलेली असते. अशा माणसाचे तळवे घरच्यांनी रोज रात्री उजेडात बघावेत.

‘काही नसेल तर तपासू नका’ हे तर सगळ्यात घातकी. बीपी १६० झालं तरी अनेकांचं डोकंसुद्धा दुखत नाही. पट्टा दंडाला बांधल्याशिवाय ते कळायचं नाही, आणि सरकारी दवाखान्यात त्याला पैसे पडत नाहीत.

राहिला डावा हात. हार्टचं दुखणं छातीच्या मधोमध, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागातही येतं. बायकांना आणि मधुमेह असणाऱ्यांना कधीकधी नुसती धाप, गार घाम, मळमळ. अशा वेळी ‘रात्रीचा तांबडा बाधला’ म्हणून सोडा पिऊन आडवं व्हायचं नाही, १०८ फिरवायचा.