दिवा व्यायामाची जागा घेऊ शकत नाही
गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लाल प्रकाशाच्या उपचाराने रुग्ण लवकर बरा होतो, असे मी वाचलेल्या एका लेखात म्हटले आहे. मात्र प्रकाशाची तरंगलांबी (म्हणजे तो कोणत्या प्रकारचा प्रकाश आहे हे सांगणारे माप) आणि मात्रा (म्हणजे एकूण किती प्रकाश द्यायचा) यांचा त्यात उल्लेखच नाही. साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा त्वचेच्या वरच्या थरांतच शोषला जातो, तर ८१० ते ८५० नॅनोमीटरचा अवरक्त (डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा) प्रकाश त्याहून खोल पोहोचतो. शिवाय मात्रा अति झाली, तर परिणाम उलट घटू शकतो. माझ्या आईच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी असा प्रकाश देणारा दिवा वापरला तो वेदना थोडी सुसह्य व्हावी म्हणून, आणि लगेच टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम करून घेतला. घरी उपकरण आणून व्यायामच सोडून देणाऱ्या रुग्णांची मला मनापासून काळजी वाटते, कारण या काळात आखडलेला गुडघा पुढे मोकळा करणे फार कठीण जाते.