'वरचा कॅरॅबिनर सैल, क्विकड्रॉ जड' या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

आमच्याकडून घेतलेल्या बारा क्विकड्रॉंना तुम्ही दिलेले दोन तारे तसेच राहू द्या, त्याबद्दल वाद नाही. (इतर वाचकांसाठी: क्विकड्रॉ म्हणजे कडा चढताना रोप खडकातल्या बोल्टला जोडणारी शिवलेली पट्टी, म्हणजे स्लिंग, आणि तिच्या दोन्ही टोकांना उघडझाप होणारं गेट असलेली एकेक कडी, म्हणजे कॅरॅबिनर.) पण तक्रारीच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: 'वरचा कॅरॅबिनर स्लिंगमध्ये सैल फिरत होता, खालच्यासारखं रबरही नव्हतं, म्हणून मीच घरातले रबर बँड गुंडाळून घट्ट केला.' ते रबर बँड कृपया आजच काढा. बाराच्या बारा क्विकड्रॉचे. मग पुढचं उत्तर नाही वाचलंत तरी चालेल.

वरचं टोक मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. खालच्या टोकाला रबर असतं ते रोपाचा कॅरॅबिनर आडवा होऊ नये आणि एका हाताने झटकन क्लिप करता यावं यासाठी. वरच्या टोकाचं काम नेमकं उलटं. बोल्ट ओलांडून तुम्ही वर गेलात की रोप क्विकड्रॉला इकडेतिकडे ओढत राहतो. वरचा कॅरॅबिनर मोकळा असला तर ती ओढाताण स्लिंगमध्येच जिरते. तो जखडलात तर अख्खा क्विकड्रॉ काठीसारखा ताठ हलतो आणि हँगरमधला (बोल्टला बसवलेल्या लोखंडी पट्टीतला) कॅरॅबिनर वळून आडवा बसू शकतो, किंवा त्याचं नाक (गेट जिथे मिटतं ते टोक) हँगरच्या कडेवर अडकू शकतं. नाकावर भार आलेल्या कॅरॅबिनरची ताकद इतकी घटते की एरवी सहज झेलला गेला असता असा साधा फॉलही त्याला मोडू शकतो. कॅरॅबिनरच्या अंगावर कोरलेले २०-२२ किलोन्यूटन (किती भार झेलेल त्याचा आकडा) हे गेट बंद आणि भार लांबीच्या दिशेने असतानाचे आहेत.

रबराचा दुसरा धोका असा की त्याच्याआड काय चाललंय ते दिसत नाही. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ऑर्पियेर इथे टिटो ट्रावेर्सा हा १२ वर्षांचा इटालियन क्लाइंबर पडून मरण पावला, तो क्विकड्रॉच्या चुकीच्या जोडणीमुळे. कॅरॅबिनर स्लिंगच्या फासातून न जाता नुसत्या रबरातून ओवलेले होते. हातात धरून पाहिलं तर असा क्विकड्रॉ ठीकठाकच दिसतो. म्हणून धुवायला किंवा बदलायला कॅरॅबिनर काढलात तर परत घालताना रबर बाजूला सारून शिवलेल्या फासातून तो गेलाय हे डोळ्यांनी बघा, मग जोरात ओढून बघा.

आता मूळ तक्रार. '६५ ग्रॅमचे मागितले, तर १०० ग्रॅमचे गळ्यात मारले.' वजनाचा फरक खरा आहे. बारा नगांत साधारण ४२० ग्रॅम होतो, तोही पायथ्याशी. प्रत्येक बोल्टला एक सोडत जाता, तसं वजन उतरत जातं. तुम्ही काउंटरवर म्हणाला होतात की बोल्टिंग केलेल्या एकाच रूटवर (चढायच्या वाटेवर) महिनाभर मेहनत करायची आहे. म्हणजे त्याच क्विकड्रॉवर पडणार, लटकणार, आणि हातांतली ताकद संपली की क्विकड्रॉलाच धरणार. (धरू नये असं सगळे सांगतात, धरतात मात्र सगळे.) डायनिमा या हलक्या धाग्याच्या ११ मिमीच्या पट्टीला घामट हाताने धरून पाहा, मग नायलॉनची रुंद पट्टी का सुचवली ते कळेल. पट्टी नायलॉनची असल्याने फॉल मऊ होतो असं मात्र आम्ही कुणालाही सांगत नाही. एवढ्याशा पट्टीत तो फरक नगण्य असतो, झटका जिरवतो तो रोप.

दुसरं कारण कॅरॅबिनरचं नाक. आम्ही दिलेले कीलॉक आहेत, म्हणजे नाकाला खाच नाही. ओव्हरहँगवरून (बाहेर झुकलेल्या कड्यावरून) उतरताना एका हाताने हँगरमधून कॅरॅबिनर काढायचा असतो, तेव्हा खाचेचं नाक हमखास अडकतं. आणि तुम्ही पसंत केलेल्या हलक्या जोडीवर गेट उघडं असतानाची ताकद ७ किलोन्यूटन होती. मानकाची किमान मर्यादा तीच, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण रोज पडायचं असेल तर मी ९ असलेलाच देईन.

हलके क्विकड्रॉ वाईट असतात असं मुळीच नाही. लांब मल्टीपिचवर (टप्प्याटप्प्याने चढायच्या उंच कड्यावर), तासन्‌तास चालत जायच्या कड्यावर मी स्वतः वायरगेटच नेतो. तारेचं गेट हलकं असल्याने झटक्यात फडफडून उघडण्याची शक्यताही कमी. तुम्ही तसं काही करणार असता तर सल्ला वेगळा दिला असता.

'दोन्ही कॅरॅबिनर सारखे का नाहीत, उलटे वापरले तर काय बिघडतं' असंही विचारलंयत. सरळ गेट बोल्टला, वाकडं गेट रोपाला. हँगरचा धारदार लोखंडी काठ ॲल्युमिनियमवर ओरखडे आणि बोचरे कंगोरे उठवतो. तोच कॅरॅबिनर नंतर रोपाकडे आला तर रोपाचं वरचं आवरण सोलवटतं. एकदा ठरवलेली बाजू बदलू नका.

परतीबद्दल: वापरलेली सुरक्षा साधनं आम्ही परत घेत नाही आणि घेणारही नाही, कारण त्यांनी काय सोसलंय ते पुढच्या ग्राहकाला सांगता येत नाही. हे बिलावर छापलेलं आहे. मात्र चार नग अजून पाकिटातच आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते घेऊन या, बदलून देतो. माझं ऐकाल तर १२ सेंटिमीटरच्या त्या चारांऐवजी १७ चे घ्या. तुमचा रूट मध्ये छताखालून वळतो म्हणालात, तिथे आखूड क्विकड्रॉमुळे रोप कड्याला घासेल आणि वरच्या बोल्टपर्यंत ओढताना जड जाईल.