२००० पट मायक्रोस्कोप घेतला की दुप्पट बारकावे दिसतात?

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हा सल्ला सर्रास फिरतो: १००० ऐवजी २००० पटींचा मायक्रोस्कोप घ्या, दुप्पट बारीक दिसेल, विषाणूही दिसतील, चित्र पुसट वाटलं तर स्लाइडखालचा डायफ्राम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) बंद करा.

दुप्पट बारीक? हे २००० बहुतेकदा १०० पटींच्या ऑब्जेक्टिव्हसोबत (स्लाइडजवळचं भिंग) १०ऐवजी २० पटींचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावून येतात. ऑब्जेक्टिव्ह नळीत स्लाइडची उलटी, वास्तव प्रतिमा तयार करतो. आयपीस तीच मोठी करून दाखवतो. तिच्यात जे उतरलंच नाही, ते आयपीस कुठून आणणार? ऑब्जेक्टिव्हवर '१००/१.२५' असं कोरलेलं असतं. त्यातला १.२५, म्हणजे न्यूमरिकल अपर्चर (भिंग किती रुंद शंकूतला प्रकाश गोळा करतं त्याचं माप), महत्त्वाचा. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३मध्ये मांडलेल्या मर्यादेनुसार हिरव्या प्रकाशात (तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ०.५५ ÷ (२ × १.२५) = ०.२२ मायक्रॉन. याहून जवळचे दोन ठिपके एकच दिसतात. उपयोगी विशालन अपर्चरच्या साधारण १००० पटींपर्यंत, म्हणजे इथे १२५०. पुढे फक्त धूसरपणा मोठा होतो. शिवाय १.२५ मिळतो तो भिंग आणि स्लाइडच्या मध्ये तेल घातल्यावरच; कोरड्या हवेत अपर्चर १च्या वर जात नाही.

विषाणू? कोरोनाचा कण सुमारे ०.१ मायक्रॉनचा, मर्यादेच्या निम्माच. (मिमीव्हायरससारखे राक्षसी विषाणू दिसतात खरे, तो तर आधी जिवाणूच समजला गेला होता.)

सगळ्यात घातक सल्ला डायफ्रामचा. तो बंद केला की कडा काळ्या, ठसठशीत होतात आणि चित्र सुधारल्यासारखं वाटतं. पण कंडेन्सरचा (स्लाइडखालून प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) प्रकाशशंकू अरुंद होतो. कंडेन्सरचं अपर्चर ०.३वर आणलं तर मर्यादा, २ × १.२५ऐवजी दोन्ही अपर्चरची बेरीज घेऊन, ०.५५ ÷ (१.२५ + ०.३), म्हणजे सुमारे ०.३५ मायक्रॉन. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हचे पैसे पाण्यात! आयपीस काढून नळीत डोकावा. जी उजळ चकती दिसते, तिच्या व्यासाचा पाऊण भाग उजळ राहील इतपतच डायफ्राम मिटवा. उजेड डोळ्यांवर येत असेल तर दिव्याचं बटण कमी करा.

चित्र पुसटच असेल तर आधी स्लाइड उलटी ठेवली नाही ना ते बघा. तशी असली तर १०चा फोकस होतो, ४०चा होत नाही, कारण मध्ये एक मिलिमीटरहून जाड काच येते. कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) ०.१७ मिलिमीटरची हवी. ४०च्या कोरड्या ऑब्जेक्टिव्हला तेल लागलं असेल तर लेन्स पेपरनेच पुसा, रुमालाने नाही.