एमआरआयमध्ये ‘टिअर’ दिसला म्हणजे ऑपरेशन ठरलंच, असं नाही
खांदेदुखीबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: रोटेटर कफ (खांद्याचा सांधा धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांचे दोर) फाटला, म्हणजे ‘टिअर’ झाला, की लगेच ऑपरेशन करा, व्यायामाने फाटलेलं जुळत नाही, उशीर केला तर हात कायमचा जाईल. यात खरं-खोटं इतकं मिसळलंय की ते वेगळं करायलाच हवं.

‘फाटलाय म्हणजेच दुखतंय.’ तसं नाही. 1995 साली अमेरिकेत खांदा अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा साठीपुढच्या 54 टक्के जणांचा कफ अर्धवट किंवा पूर्ण फाटलेला निघाला. त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नये. हात तपासून ताकद बघावी लागते. मधुमेह असेल आणि दुसऱ्याने फिरवूनही हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर दुखणं फ्रोझन शोल्डरचं, म्हणजे सांध्याचं आवरण आखडून खांदा जखडल्याचं, असू शकतं.

‘व्यायामाने जुळत नाही.’ हे खरंच आहे. पण दुखणं थांबायला ते जुळावंच लागतं असं नाही. कफचा शाबूत भाग, डेल्टॉइड (खांद्यावरचा मोठा स्नायू) आणि फऱ्याचे स्नायू भार उचलायला शिकतात. फिनलंडमध्ये 55 वर्षांपुढच्या, इजा न होता सुप्रास्पिनेटस (कफचा वरचा स्नायू) फाटलेल्या रुग्णांत एका गटाला फक्त फिजिओथेरपी दिली, एका गटाचं कफच्या वरचं हाड घासलं आणि एका गटाचा कफ शिवला. दोन वर्षांनी तिन्ही गटांत लक्षात येण्याजोगा फरक नव्हता.

मात्र व्यायाम म्हणजे हात गरगर फिरवणं नव्हे. काखेत टॉवेलची घडी, कोपर बरगडीला टेकलेलं, रबरी पट्टा सावकाश बाहेर ओढायचा आणि त्याहून सावकाश परत आणायचा. 10 ते 15 वेळा, तीन फेऱ्या. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं पाहिजे. नाही शमलं तर पट्टा हलका घ्या. बहुतेकांचं बिनसतं ते इथे: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून सोडून देतात. किमान 12 आठवडे द्यावेच लागतात.

‘उशीर केला तर हात जाईल.’ पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक उचलेनासा झाला असेल, तर ही भीती रास्त आहे. तिथे महिनोन्‌महिने व्यायाम करत बसू नका, काही आठवड्यांतच सर्जनना दाखवा. फाटलेलं टोक आत ओढलं जातं, स्नायूत चरबी भरते आणि मग टाका धरत नाही. लहान आणि मध्यम टिअरमध्येही नॉर्वेतल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात शिवलेल्या गटाची स्थिती बरी होती. न शिवलेल्यांपैकी काहींचा टिअर वाढला. म्हणून पन्नाशीतल्या, ओझी उचलणाऱ्या माणसाने ऑपरेशनचा विचार जरूर करावा.

‘ऑपरेशन केलं की सुटलो.’ नाही. चार ते सहा आठवडे स्लिंग, साधारण सहाव्या आठवड्यानंतर स्वतःहून हात उचलणं, 12 आठवड्यांनंतर ताकदीचे व्यायाम, जड काम चार-सहा महिन्यांनी. वय जास्त, टिअर मोठा, साखर वाढलेली किंवा तंबाखू चालू असेल, तर शिवलेलं पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. आणि कफ धड असताना नुसतं हाड घासायचा सल्ला मिळाला, तर थांबा: 2018 च्या ब्रिटिश चाचणीत ते ऑपरेशन लुटुपुटूच्या ऑपरेशनपेक्षा (नुसती दुर्बीण घालून, हाड न घासता केलेल्या) सरस ठरलं नाही.